घरचीच पेशंट

आमच्या घरात कुणी आपण होऊन आजारी पडत नसे, बाबा त्याला आजारी ठरवत. सकाळच्या चहाला वर्तमानपत्र जरा खाली घेऊन ते सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "तुझा घसा धरलाय. आज थंड काही नको." घसा तोवर ठणठणीत असायचा. दुपारपर्यंत तो धरायचाच. आई म्हणायची, घसा बिचारा तुझ्या बाबांच्या धाकानं धरतो.

बाबा फिजिशियन. सकाळी हॉस्पिटल आणि संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत दवाखाना. दवाखाना आणि घर यांच्यामध्ये एक दार होतं, ते कधी बंद झालेलं मला आठवत नाही. चमच्यांच्या खणात औषधांची नमुन्याची पाकिटं, चपलांच्या कपाटात कुणाचे तरी जुने एक्स-रे आणि घरभर स्पिरिटचा वास. मी पेशंटच्या बाकावर बसून अभ्यास करायचे. खोकल्यावरून माणूस ओळखायला मी पाढ्यांच्या आधी शिकले. आजही कुठे तो वास आला, स्पिरिटचा आणि तापलेल्या रेक्झिनचा, की मी उगाच रेंगाळते. बरोबरच्या माणसाला वाटतं, हिला चक्कर येतेय की काय. मला काही होत नसतं, मी फक्त घरी जाऊन येते.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, त्याच हॉस्पिटलात सर्जन होते. दोघं साडू एकमेकांवाचून राहायचे नाहीत आणि एकमेकांना सोडायचेही नाहीत. बाबा म्हणायचे, "हा आधी कापतो आणि मग विचार करतो." काका म्हणायचे, "आणि हा विचार करत बसतो, तोवर पेशंट कंटाळून बरा होतो." सुटीच्या दिवशी दोघं जेवायच्या टेबलावर अशी काही आतडी-पित्ताशयं काढायचे की मावशी ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आम्हा मुलांचा मात्र एक घास अडायचा नाही.

अशा घरात मला आतड्याचाच आजार व्हावा, हे एका परीनं सोयीचंच झालं असं सगळ्यांना वाटलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. अल्सरेटिव्ह कोलायटिस. रोगजंतूंशी लढायला शरीरात जी फौज असते, ती माझ्या बाबतीत माझ्याच मोठ्या आतड्यावर चालून गेली होती. आतून जखमा, रक्त पडणं, संडासाच्या चकरा. एकदा दुर्बिणीनं तपासणी झाली आणि निदान ठरलं. मग बाबांनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्या त्या फौजेला गुंगी आणतात. आजार निवला, माझं तोंड मात्र टम्म फुगलं आणि काका मला ठमाबाई म्हणायला लागले. त्यानंतर दुखण्यानं डोकं वर काढलं की बाबा गोळ्या वाढवायचे, निवलं की उतरवायचे, रेडिओचा आवाज कमीजास्त करावा तसं, चहाच्या टेबलावरून. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर यायचं. घोटाळा तिथेच होता.

पुढे मी पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायला लागले. पाण्यात माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं. आणि तेव्हाच ते मोठं दुखणं आलं. सुरुवात नेहमीसारखी झाली, म्हणून बाबांनी गोळ्या वाढवल्या. फरक पडेना, म्हणून आणखी वाढवल्या. मी बाथरूममध्ये राहायलाच गेल्यासारखी झाले. आई दाराबाहेर पाटावर बसून मला शेजारपाजारच्या बातम्या सांगायची, कुणाचं लग्न मोडलं, कुणी मांजर पाळलं. आतून मी हुंकार दिला नाही की तिचा आवाज चढायचा. मग ताप यायला लागला आणि बाबांनी मला हॉस्पिटलात नेलं.

हॉस्पिटलात डॉक्टरच्या मुलीचे लाड असतात. मला कोपऱ्यातली स्पेशल खोली मिळाली, खिडकीत फुलं आली, पडदे बदलले. जो येईल तो म्हणायचा, "आपलीच मुलगी आहे." आपलीच म्हणून सिस्टर शौचाचा नमुना मागायला लाजली, म्हणाली उद्या बघू. दुर्बिणीवाले डॉक्टर बाबांचे बुद्धिबळातले मित्र. ते म्हणाले, "पोरीला उगाच कशाला त्रास? काय आहे ते आपल्याला माहीतच आहे." तरुण डॉक्टर बाबांच्या मागे उभं राहून, चादरीपलीकडून विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा सांगायचे, "कालपेक्षा बरं आहे." काका पोटावर हलकेच हात ठेवायचे, तोही मला लागेल न लागेल असा, आणि म्हणायचे, "ठमाबाई, अजून कापण्याजोगी झाली नाहीस." इतक्या डॉक्टरांच्या गराड्यात मला कुणी तपासलंच नाही.

शिरेतून स्टिरॉइड सुरू होतं. रक्त थांबत नव्हतं. ताप संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा, आणि मी दिवसेंदिवस चादरीत बुडत चालले होते. बाबा रोज थोडे जास्त बोलायला लागले होते. त्यावरूनच मला कळलं की त्यांना भीती वाटतेय.

एका दुपारी आई उठली, थर्मास उचलला आणि बाबांना न विचारता बायकांच्या जनरल वॉर्डात गेली. पुढचं तिनं मला कितीतरी वर्षं, दर वेळी थोडं तिखटमीठ लावून सांगितलं.

तो वॉर्ड शिंपीणबाईंचा. बाई पोटाच्या डॉक्टर होत्या, पण गळ्यात स्टेथोस्कोपच्या जोडीला कापड मोजायची टेप घालायच्या, म्हणून सगळं हॉस्पिटल पाठीमागे त्यांना शिंपीण म्हणायचं. आतड्याचा गंभीर पेशंट आला की बाई त्याच्या पोटावर पेनानं दोन खुणा करायच्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच खुणांवरून घेर मोजायच्या. सुजलेलं आतडं आतल्या आत फुगायला लागतं, आणि फुगलेलं आतडं फुटलं तर माणूस हातचा जातो. हाताला जे कळायला वेळ लागतो ते टेपला आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं. बाबांचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. एकदा सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, तुमचा अंदाज फार चांगला असतो. पण तो अंदाज असतो." तेव्हापासून समोरून बाई आल्या की बाबा जिन्याकडे वळायचे.

आईनं बाईंना चहा ओतून दिला आणि म्हणाली, "माझ्या मुलीला बघाल का?"

"डॉक्टरांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही. ते घरी आल्यावर माझ्याशी भांडतील. भांडू देत."

बाई चहा न पिताच उठल्या. माझ्या खोलीत आल्या, फुलांकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी हिला बघीन, पण इथं नाही. माझ्या वॉर्डात. तिथं ती कुणाची कुणी नाही." बाबा तेव्हा खोलीतच होते. ते काही म्हणायच्या आत बाईच पुढे म्हणाल्या, "आणि डॉक्टर, तुम्ही भेटीच्या वेळेत यायचं. नातेवाइकांसारखं."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आईकडे बघितलं. आई खिडकीतली फुलं गोळा करत होती. मला हलवलं.

जनरल वॉर्डात माझ्या एका बाजूला बोलघेवडी आजी आणि दुसऱ्या बाजूला पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली शिक्षिका. लाज नावाची गोष्ट पहिल्या तासात गेली. बाईंनी मला आजवर कुणी न विचारलेले प्रश्न विचारले, मोठ्यानं, रंगासकट. शौचाचा नमुना लगेच गेला. पोटावर पेनाच्या दोन खुणा झाल्या आणि टेप फिरली. दुर्बीण बाईंनी स्वतः घातली. फार आत नाही, फार हवा नाही, कारण अशा आतड्याला जास्त छेडलं तर ते फाटतं. त्यांनी जखमांच्या तळातून चिमूटभर तुकडे काढून घेतले. दुखलं. मी ओरडले, तर बाई म्हणाल्या, "ओरड, ओरड. फक्त हलू नकोस."

तुकड्यांमध्ये व्हायरस सापडला.

बाई माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि मला समजावलं. मला, बाबांना नाही. "हा व्हायरस खूप माणसांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. पहारेकरी जागे असले की तो उठत नाही. तुझे पहारेकरी तुझ्याच घरात मारामाऱ्या करत होते, म्हणून त्यांना गुंगीचं औषध दिलं. मारामारी पुरती थांबली नाही, वर मागच्या दारानं चोर शिरला. मग दुखणं वाढलं म्हणून गुंगी आणखी वाढवली."

"म्हणजे बाबांनी..."

"तुझ्या बाबांनी कोलायटिसला जे द्यायचं तेच दिलं. फक्त दुसरं कुणी आत आहे का, ते बघायचं राहिलं."

आता पेच असा होता. स्टिरॉइड एकदम बंद केलं तर कोलायटिस उसळणार. चालू ठेवलं तर व्हायरस मोकाट सुटणार. एक रस्ता काकांचा: आजच मोठं आतडं काढून टाकायचं आणि शौचासाठी पोटावर पिशवी. दुखण्याचं मूळच जाईल. दुसरा बाईंचा: शिरेतून व्हायरसचं औषध, स्टिरॉइड हळूहळू खाली, रोज एक्स-रे, सकाळ-संध्याकाळ टेप, आणि काका तयारीत. आतडं फुगलं तर चर्चा नाही, सरळ ऑपरेशन. "पण एक लक्षात ठेव," बाई म्हणाल्या, "थांबण्यात जिवाला धोका आहे. उशीर झाला तर ऑपरेशनही अवघड जाईल. आणि पिशवीला घाबरून थांबणार असशील तर थांबू नकोस. पिशवी लावून पोहणारी माणसं मी घरी पाठवलीत. विचार कर. तू सज्ञान आहेस, निर्णय तुझा."

भेटीची वेळ झाली. दाराशी नातेवाइकांची गर्दी, डबे, पिशव्या, आणि त्यात माझे बाबा, कोट न घालता. मी त्यांना हॉस्पिटलात कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. पहारेकरी त्यांना ओळखत होता, त्यानं बाजूचं दार उघडू का म्हणून विचारलं. बाबा नको म्हणाले आणि घंटा होईपर्यंत कुणाच्या तरी सासूबाईंच्या मागे उभे राहिले. हातात संत्र्यांची पिशवी. मला संत्री चालत नाहीत हे त्यांना जगात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. ते माझ्याजवळच्या स्टुलावर बसले आणि पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी शेजारच्या आजीनं ती मागून घेतली.

सवयीनं त्यांचा हात खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या माझ्या तक्त्याकडे गेला. त्यांनी तो उचलला, आणि न वाचता परत अडकवला.

मी त्यांना दोन्ही रस्ते सांगितले, जणू त्यांना ते माहीत नव्हते. मग विचारलं, "बाबा, तुम्ही काय कराल?"

आयुष्यभर मी विचारावं आणि त्यांनी सांगावं. कुठल्या शाखेला जाऊ, कुठला टॉवेल घेऊ, ताप आहे का.

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले. "मला खरंच माहीत नाही. मी कुणाला तुला हात लावू दिला नाही. वाटलं, माझ्यापेक्षा जास्त तुला कोण ओळखणार. आणि चुकलो." शिक्षिकेनं पुस्तकात तोंड घातलं. आजी संत्रं सोलायची थांबली.

मला रडू यायला हवं होतं, पण मला हलकं वाटलं. इतकी वर्षं त्यांच्या अंदाजाबरहुकूम आजारी पडत आणि बरी होत आले होते. आता पहिल्यांदा ते दुखणं माझं झालं. मी बाईंना सांगितलं, थांबून बघू.

व्हायरसचं औषध सुरू झालं. बाई यायच्या, चादर बाजूला करायच्या, टेप फिरवायच्या आणि आकडा मोठ्यानं सांगायच्या, मला ऐकू जाईल असा. सगळा वॉर्ड तो आकडा ऐकायचा. आजी तर वाट बघत बसायची. घेर तेवढाच राहिला की म्हणायची, "झालं, आजचा दिवस आपला." काका येऊन नीट दाबून बघायला लागले. आता त्यांचा हात लागायचा. बाबा रोज दुपारी घंटेला यायचे आणि घंटेला जायचे. औषधाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. ते मला काय सांगायचे? लहानपणी ते नदीत बुडता बुडता कसे वाचले ते. आजोबांनी त्यांना मारलं ते. आईला बघायला गेले तेव्हा पंखा बंद पडला होता ते. यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ज्या घरात दिवसभर माणसांची कुंडली मांडली जायची, तिथं या माणसाला स्वतःबद्दल बोलायला सवड मिळाली नव्हती. त्या दुपारींची मला अजून इतकी आठवण येते की आजारपणाची आठवण येते असं वाटून मी स्वतःलाच वेड्यात काढते.

मग तो दिवस आला. सकाळी टेप फिरली आणि बाई आकडा बोलल्या नाहीत. खुणा तपासल्या, परत मोजलं. मग बोलल्या. वाढला होता. काका आले, पोट दाबलं आणि पहिल्यांदाच मला ठमाबाई म्हणाले नाहीत. "थिएटर रिकामं ठेवायला सांगतो," ते बाईंना म्हणाले. एक्स-रे काढला. त्यावर काही पक्कं सांगता येईना, आतडं फुगण्याच्या उंबरठ्यावर. दुपारी परत एक्स-रे काढायचा आणि त्यावर ठरवायचं, असं दोघांचं ठरलं. मला पाणीसुद्धा बंद केलं.

दुसरा एक्स-रे झाला आणि तो धुवून येईपर्यंत भेटीची घंटा झाली. बाबा आले. आईनं त्यांना बाहेरच सांगितलं असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. स्टूल ओढलं, बसले आणि माझं मनगट धरलं.

मला राग आला. खरं सांगते, त्या अवस्थेतही चांगलाच राग आला. मला वाटलं, झालं, डॉक्टर जागा झाला. इतके दिवस धरलेला संयम आज सुटला, आता हे माझी नाडी मोजणार, मनातल्या मनात हिशेब लावणार आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही म्हणून दिव्याकडे बघत बसणार. ते खरंच दिव्याकडे बघत होते. मी हात ओढून घेणार होते, पण त्यांचा हात गरम होता आणि माझा गार पडला होता, म्हणून राहू दिला. त्या दिवशी त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. घंटा झाली तेव्हा इतर नातेवाइकांबरोबर उठले, आणि दारात त्यांना कुणाचा तरी डबा लागला तर त्या माणसाची माफी मागून बाहेर गेले.

बाई एक्स-रे घेऊन आल्या. आतडं जिथल्या तिथं होतं, उलट थोडं बसलं होतं. दुसऱ्या सकाळी घेर पूर्वीइतका आला. मग ताप हटला, मग रक्त कमी झालं, मग एक दिवस मी आजीच्या हातातला टोस्ट हिसकावून खाल्ला आणि सिस्टरनं आम्हा दोघींना झापलं. व्हायरस गेल्यावर बाईंनी स्टिरॉइड सोडवून दुसरं औषध लावलं. आतडं माझ्या पोटात आहे अजून. मी आजही पोहायला शिकवते, तेव्हा ज्यांना शिकवलं त्यांच्या मुलांना आता.

बाबांनी दवाखाना बंद केल्यानंतरची गोष्ट. सकाळच्या उन्हात आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. त्यांचे हात थोडे थरथरायला लागले होते, दाणे उडायचे. काही कारण नव्हतं, पण मला ती दुपार आठवली आणि इतक्या वर्षांचा राग थट्टेवारी न्यावा म्हणून मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी माझी नाडी किती होती हो?"

"कुठल्या दिवशी?"

"थिएटर तयार ठेवलं होतं त्या दिवशी. सगळा वेळ मोजत बसला होतात की."

बाबांनी शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले.

"नाही मोजली," ते म्हणाले. "नुसता हात धरला होता."